अर्ध्या हॉर्सपॉवरचं इंजिन : द दियों-बुतों मॉडेलच्या कामाच्या नोंदी

१२ जून

आजपासून वही सुरू. काम असं आहे की १८९५ सालचं द दियों-बुतों कंपनीचं अर्ध्या हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण मापात करायचं, एका बाजूने कापून आतलं सगळं दिसेल असं, हॅंडल फिरवलं की पिस्टन-व्हॉल्व्ह हलले पाहिजेत आणि प्लगला खरी ठिणगी पडली पाहिजे. पेट्रोल घालून चालवायचं नाहीये. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचंय आणि सोबत मराठीत इतिहासाचे चार बोर्ड.

हेच इंजिन का, असं सकाळपासून तिघांनी विचारलं. बेंझ, डाइमलर, फोर्ड ही नावं पोरांना माहितीच असतात. पण १९०० साली जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी कुठली होती हे विचारलं तर कोणाला येत नाही. ती पॅरिसजवळच्या प्युतोची ही कंपनी. त्या वर्षात ४०० गाड्या आणि ३,२०० इंजिनं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, गाड्यांच्या आठपट इंजिनं, म्हणजे बहुतेक इंजिनं दुसऱ्यांच्या गाड्यांत जाऊन बसली. त्यामुळे गाड्यांची नावं राहिली आणि इंजिनवाला मागे पडला. मला बोर्डावर हेच सांगायचंय.

मापं : बोअर म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास ७०. त्यावरून सिलेंडरचं आकारमान काढलं तर १३७ सीसी येतं. आजच्या साध्या बाइकचं इंजिन एवढंच असतं. पिस्टन तळहातावर मावेल, त्यामुळे आमच्या छोट्या लेथवर सगळं होणार.

१९ जून

पावसामुळे लाइट नाही, दिवसभर बोर्डाचं लिखाण केलं.

गोष्ट खेळण्यापासून सुरू होते आणि ती मला फार आवडते. आल्बेर द दियों हा सरदार घराण्यातला तरुण, घरात पैसा भरपूर आणि डोक्यात वाफेचं वेड. १८८१ मध्ये पॅरिसच्या एका दुकानात त्याने वाफेवर चालणारं छोटंसं इंजिन पाहिलं, खेळण्यातलं पण काम एकदम सुबक, आणि हे केलं कोणी म्हणून विचारलं. करणारे दोघं होते, जॉर्ज बुतों आणि त्याचा मेहुणा शार्ल त्रेपार्दू, अशी वैज्ञानिक खेळणी करून पोट भरणारे. द दियोंने दोघांना बरोबर घेतलं आणि १८८३ मध्ये तिघांची भागीदारी झाली. द दियोंच्या घरच्यांना हे अजिबात पसंत नव्हतं, पोरगा घरचा पैसा बॉयलरमध्ये घालतोय म्हणून बाप कोर्टापर्यंत गेला.

१८८४ ला त्यांनी चार जणांची वाफेची गाडी केली, द दियोंच्या आईच्या मानाने तिचं नाव 'ला मार्कीज'. ती अजून चालू स्थितीत आहे आणि २०११ साली अमेरिकेत लिलावात ४६ लाख डॉलरला गेली. खेळणी करणाऱ्या दोन माणसांच्या हातचं काम सव्वाशे वर्षांनीसुद्धा चालतंय, अजून काय पाहिजे.

तात्यांना हा भाग वाचून दाखवला. तात्या चाळीस वर्षं टर्नर, जास्त बोलत नाहीत, फक्त म्हणाले, "म्हणजे पैसा याचा आन हात त्यांचे." बोर्डाला हेडिंग हेच द्यावं असं वाटतंय.

२८ जून

पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचं काम चालू. क्रँककेस, म्हणजे सिलेंडरखालची इंजिनाची पेटी, ॲल्युमिनियमची, उभी दोन फाकांत कापलेली, म्हणून सागवानाचे दोन पॅटर्न लागणार. हे सुद्धा या इंजिनाचं वैशिष्ट्य, त्या काळात ॲल्युमिनियमची क्रँककेस ही नवी गोष्ट होती, वजन कमी करायचं म्हणून केलेली.

सिलेंडरवरच्या थंड करायच्या पाकळ्या म्हणजे फिन, त्या ओतीव करायच्या का यावर बराच वेळ गेला. दोन फिनमधली वाळूची भिंत इतकी पातळ होते की मोल्डमधून पॅटर्न काढतानाच ती ढासळते. त्या लोकांनी १८९५ ला सिलेंडर फिनसकट ओतला होता, आणि एक-दोन नाही हजारोंनी ओतले. आम्ही शेवटी कास्ट आयर्नचा गोल बार घेऊन त्यातूनच फिन काढायचं ठरवलं. पार्टिंग टूल बारीक करून एकेक खाच, दिवसात सिलेंडर अर्धा झाला. बारीक काळा भुसा नाकात जातो, मास्क लावूनच करायचं.

दुसरा बोर्ड लिहून झाला. १८९४ ची पॅरिस-रूआँ स्पर्धा, तारीख २२ जुलै, अंतर १२६ किलोमीटर. पहिला पोचला द दियों, वाफेचा ट्रॅक्टर आणि मागे जोडलेली बग्गी, वेळ सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं. तरी पहिलं बक्षीस त्याला मिळालं नाही, कारण त्या गाडीला ड्रायव्हरशिवाय कोळसा टाकायला वेगळा माणूस लागायचा आणि स्पर्धेची अट होती की गाडी चालवायला सोपी, सुरक्षित आणि स्वस्त पाहिजे. पहिलं बक्षीस प्यूजो आणि पानार-लव्हासोर यांना वाटून दिलं, दोघांच्या गाड्या पेट्रोलच्या. परीक्षकांनी बरोबरच केलं असं माझं मत आहे.

त्याच वर्षी त्रेपार्दू कंपनी सोडून गेला. तो वाफेचा पक्का माणूस, बाकी दोघं पेट्रोलकडे वळत होते, ते त्याला पटेना. जाताना त्याचं नाव कंपनीवरून गेलं आणि कंपनी द दियों-बुतों झाली. याच्यात एक गोष्ट मला खटकते. मागच्या चाकांना जोडणारा एक प्रकारचा ॲक्सल आहे, चाकं एका आडव्या नळीने एकमेकांना जोडलेली आणि चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल मात्र चेसिसला बांधलेला, म्हणजे खड्ड्यात चाकाबरोबर त्याचं ओझं उचललं जात नाही. हा ॲक्सल पुढे अल्फा रोमिओच्या अल्फेट्टाला लागला, स्मार्टच्या छोट्या गाडीला लागला. डिझाइन त्रेपार्दूचं. जगभर त्याला म्हणतात 'द दियों ट्यूब'.

६ जुलै

क्रँककेसचं कास्टिंग आलं आणि वाया गेलं. ज्या फाउंड्रीत दिलं होतं तिथे मोल्ड ओला राहिला असणार, वरून छान दिसत होतं पण बेअरिंगच्या जागेवर टूल लावलं आणि पहिल्याच कटला भोकं उघडी पडली, हरभऱ्याएवढी. दुसरं करून देतो म्हणाले. पॅटर्न तरी शाबूत आहे.

१५ जुलै

दुसरं कास्टिंग चांगलं निघालं. आज फ्लायव्हील.

या इंजिनाचे फ्लायव्हील बाहेर नाहीत, क्रँककेसच्या आतच दोन गोल तबकड्या आणि दोघींच्या मध्ये क्रँकपिन, त्या पिनवर कनेक्टिंग रॉड. म्हणजे वेगळा क्रँक नाहीच, तबकड्याच क्रँक. आम्ही जुळवाजुळव करत असताना शेजारचा बुलेट मेकॅनिक डोकावला आणि बघताक्षणी म्हणाला, "दादा, हा तर बुलेटचा क्रँक आहे की." मी तेच त्याला सांगायला तोंड उघडत होतो. उभी फाकलेली ॲल्युमिनियमची क्रँककेस, आत दोन फ्लायव्हील, मध्ये पिन, वर एकच उभा सिलेंडर, ज्याने कास्ट आयर्न बुलेट खोललीय त्याला हे इंजिन समजवायला लागत नाही. आणि नातं नुसतं दिसण्याचं नाही. इंग्लंडच्या एनफिल्डने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पहिल्यांदा इंजिनावर चालणारं वाहन केलं, सायकलच्या नळ्यांची चारचाकी, तिच्यात द दियों-बुतोंचंच इंजिन होतं. मद्रासमध्ये बुलेट जुळवायला लागले ते १९५५ ला, म्हणजे मध्ये निदान पंचावन्न वर्षं गेली.

फ्लायव्हील सरळ करायला त्यानेच मदत केली, ते त्याचं रोजचं काम. दोन सेंटरमध्ये धरायचं, बारीक फरक दाखवणारा डायल लावायचा, हाताने फिरवायचं, काटा जिथे चढतो तिथे खूण करायची आणि तांब्याच्या हातोडीने एक टोला. परत फिरवायचं. पहिल्यांदा काटा पंचवीस-तीस रेघा हलत होता, दीड तासाने तीन रेघांवर आला. पॅरिसमध्ये सुद्धा कोणीतरी असंच बसून, असाच कान देऊन टोले मारले असतील.

२१ जुलै

पिस्टन, रिंग, आणि पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन बसली. सिलेंडर घातला आणि अंगठ्याने प्लगचं भोक दाबून फ्लायव्हील फिरवला तर अंगठा ढकलला गेला. अजून कापलेला नाहीये म्हणून हे बघता आलं. उद्या कापणार. जिवावर येतंय पण कापल्याशिवाय पोरांना आतलं दिसणार नाही.

२ ऑगस्ट

आता या सगळ्या कामाचं मूळ, इग्निशन. हे मी बोर्डावर चार ओळींत बसवणार आहे पण इथे सविस्तर लिहितो.

त्या वेळची डाइमलर जातीची पेट्रोल इंजिनं हॉट ट्यूबवर चालायची. म्हणजे सिलेंडरला एक प्लॅटिनमची बारीक नळी, बाहेरून तिच्याखाली बर्नर पेटलेला, नळी लाल. पिस्टन वर आला की दाबलेला गॅस त्या नळीत शिरतो आणि पेटतो. कधी पेटतो? त्याची वेळ आली की पेटतो. नळी किती तापलीय, वारा कुठून आहे, पेट्रोल कसं आहे यावर सगळं. तुमच्या हातात काही नाही. त्यामुळे ती इंजिनं मिनिटाला सातशे-नऊशे फेऱ्यांच्या आसपासच राहिली. आणि फेऱ्या कमी म्हटल्यावर ताकद हवी तर इंजिन मोठं करा, मोठं इंजिन म्हणजे जड इंजिन, जड इंजिनाला जड गाडी.

बुतोंने हे चक्र तोडलं. बॅटरी, तिचा व्होल्टेज वाढवणारी कॉइल, प्लग, आणि इंजिनाच्या अर्ध्या वेगाने फिरणारा एक कॅम, म्हणजे चकती, ज्याला एक खाच आहे. त्या कॅमवर पोलादी पातं टेकलेलं असतं, पात्याच्या टोकाला थोडं वजन. खाच आली की ते टोक आत पडतं, पातं प्लॅटिनमच्या स्क्रूला चिकटतं आणि थरथरतं, करंट जातो-तुटतो, ठिणगी. आणि ही सगळी प्लेट एका लिव्हरने पुढे-मागे फिरवता येते. म्हणजे ठिणगी कधी पडणार हे चालवणाऱ्याने ठरवायचं. चढाला मागे, सपाटीला पुढे. आज बाइकचा इसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, जे सेकंदात शंभरदा ठरवतो तेच तेव्हा माणूस बोटाने ठरवत होता.

आकड्यात सांगतो. आठशे आरपीएमला एक फेरी व्हायला ७५ मिलिसेकंद लागतात. तीन हजाराला २०. एवढ्या वेळात "पेटेल तेव्हा पेटेल" म्हणून भागतच नाही. द दियोंचं हे एवढंसं इंजिन कामाला पंधराशेच्या आसपास चालवायचे, पण बेंचवर ते तीन हजाराच्या वर गेलं, आणि १८९५ मध्ये हे कोणाला खरं वाटणारं नव्हतं. आज पोरगं बाइकचा कान पिळतं आणि इंजिन ओरडतं, ते ओरडणं इथून सुरू झालं असं मी मानतो.

आमचा प्रकार : पातं केलं हॅक्सॉ ब्लेडचं, दाते घासून काढले. प्लॅटिनम परवडत नाही म्हणून जुन्या स्कूटरच्या पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाची टोकं काढून बसवली. कॉइल पण जुनी, भंगारातली. संध्याकाळी जोडलं, हॅंडल फिरवलं, प्लगला ठिणगी पडली पण कशी तर पिवळट, मरतुकडी, आणि पॉइंटवर मात्र निळा जाळ. दहा मिनिटांत टोकं काळी पडली.

५ ऑगस्ट

कंडेन्सर नव्हता! पॉइंट उघडताना करंटला दुसरी वाट मिळाली नाही की तो पॉइंटवरच उडी मारतो, टोकं जळतात आणि कॉइलचा जोर जातो. स्कूटरचा कंडेन्सर आडवा जोडला, टोकं पॉलिश पेपरने साफ केली. हॅंडल फिरवलं. टक्. निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी. तात्यांनी लाइट बंद करायला लावला आणि अंधारात परत परत फिरवून बघितली, तीनदा चहा थंड झाला पण जागचे हलले नाहीत.

९ ऑगस्ट

आज वेगाची परीक्षा. पूर्ण इंजिन नाही फिरवलं, कापलेल्या सिलेंडरमध्ये रिस्क नको, फक्त कॅमचा शाफ्ट सुटा काढून ड्रिल मशीनला जोडला. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो म्हणून ड्रिल पंधराशेवर म्हणजे इंजिनाचे तीन हजार. सेकंदाला २५ ठिणग्या.

चारशेला छान. सातशेला छान, आवाज टकटकचा टरटर झाला. हजाराच्या पुढे चुकायला लागली. वाकून जवळून बघितलं (चष्मा घालून, हात लांब ठेवून), पातं खाचेत पडायच्या आधीच कॅम पुढे निघून जात होता, पात्याचं टोक खाचेच्या कडेवरून नुसतं घसटत होतं. म्हणजे पातं मऊ आणि टोकाचं वजन जास्त. टोक घासून हलकं केलं, पात्याखाली फिलर गेजची एक पट्टी आधाराला दिली. परत लावलं. हजार गेलं, बाराशे गेलं. पंधराशेला एकसारखा सूर धरला, कापड फाडल्यासारखा.

एवढं करायला आम्हाला संध्याकाळ लागली, पण आमच्याकडे तयार ड्रिल होतं, तयार कॉइल होती आणि हे होतं हे आधीच माहिती होतं. बुतोंला यातलं काहीच नव्हतं. त्याने पात्याचं वजन आणि ताण कितीदा बदलला असेल याचा अंदाज आज हाताला आला.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत काम थांबलंय, तिसरा बोर्ड मात्र लिहिला : इंजिन कोणी कोणी घेतलं.

पहिलं गिऱ्हाईक कंपनी स्वतःच. तीन चाकी सायकल, इंजिन मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे, बॅटरीची पेटी पुढच्या नळीला टांगलेली, पॅडल मारून चालू करायची. अशा साधारण १५ हजार तिचाकी विकल्या गेल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी! त्या एका तिचाकीने जितक्या लोकांना पहिल्यांदा मोटारीवर बसवलं तितक्यांना तेव्हाच्या कुठल्याही मोठ्या गाडीने बसवलं नसेल असं मला वाटतं.

त्यातली एक लुई रेनो या एकवीस वर्षांच्या पोराने घेतली. घराच्या बागेतल्या शेडमध्ये तिचं रूपांतर चार चाकी गाडीत केलं, इंजिन पुढे आणलं, गिअरबॉक्स स्वतःचा केला ज्यात टॉप गिअरला सरळ डायरेक्ट ड्राइव्ह, आणि २४ डिसेंबर १८९८ ला ती गाडी पॅरिसच्या र्यू लेपिक नावाच्या उभ्या चढावर चढवून दाखवली. त्याच रात्री बारा ऑर्डरी. आपल्याकडे डस्टर-क्विड चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रेनोच्या पहिल्या गाडीच्या बॉनेटखाली द दियों-बुतोंचं इंजिन होतं.

अमेरिकेत पिअर्स कंपनीने पहिल्या छोट्या गाड्यांना हेच लावलं. फ्रान्समध्ये देलाज हा मोटार कारखानदार याच्यावरच सुरू झाला. मिळून दीडशेच्या आसपास कंपन्यांनी हे इंजिन विकत घेतलं नाहीतर परवान्यावर केलं. आणि नुसती नक्कल करणारे वेगळे, ते कोण मोजणार.

माझा आवडता मात्र ब्राझीलचा सांतोस-द्युमों. त्याला १८९८ ला एअरशिपला, म्हणजे इंजिनाने चालणाऱ्या मोठ्या फुग्याला हलकं इंजिन हवं होतं. त्याने तिचाकीची दोन इंजिनं घेऊन दोन्ही सिलेंडर एकाच क्रँककेसवर एकावर एक चढवले. आता हवेत गेल्यावर हे किती हादरेल हे कसं कळणार, तर त्याने तिचाकीच पॅरिसच्या जंगलात झाडाच्या फांदीला दोरांनी टांगली आणि अधांतरी इंजिन चालू करून बघितलं. सगळं शांत, म्हणून खूश झाला. हे चित्र बोर्डावर पाहिजेच, चित्रकलेच्या सरांना सांगितलंय.

७ सप्टेंबर

चौथ्या बोर्डावरून घरात वाद. द दियोंचं राजकारण घ्यायचं का? मी घ्यायचं म्हणतोय.

फ्रान्समध्ये तेव्हा द्रेफ्युस प्रकरण पेटलेलं. ज्यू लष्करी अधिकारी, खोटा आरोप, देश उभा दुभंगलेला. द दियों हा द्रेफ्युसच्या विरोधातला. जून १८९९ ला ओतॉयच्या रेसकोर्सवर राष्ट्राध्यक्ष लुबे यांच्या डोक्यावर एका सरदाराने काठी हाणली, त्या दंगलीत द दियोंला पण पकडलं, पंधरा दिवस कैद आणि शंभर फ्रँक दंड. सायकलींचं मोठं वर्तमानपत्र 'ल व्हेलो' द्रेफ्युसच्या बाजूचं, त्याने टीका केली. मग द दियोंने आणि आणखी कारखानदारांनी जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० मध्ये स्वतःचा पेपर काढला, संपादक आंरी देग्रांज. पेपर खपवायला १९०३ ला त्यांनी सायकलची एक शर्यत काढली, ती तूर द फ्रान्स. पेपरचा कागद पिवळा, तोच रंग पुढे पहिल्या नंबरच्या जर्सीला आला.

द्रेफ्युस निर्दोष होता हे पुढे कोर्टानेच ठरवलं, म्हणजे द दियों चुकीच्या बाजूला होता. ते तसंच लिहायचं. इंजिनावर प्रेम आहे म्हणून मालकाची चूक झाकायची नाही, पोरांना पूर्ण माणूस कळू दे.

१६ सप्टेंबर

शेवटचा भाग पटकन आटपला. १९०७ ला पेकिंग ते पॅरिस मोहिमेत दोन द दियों-बुतों होत्या, दहा हॉर्सपॉवरच्या, ड्रायव्हर कोर्मिए आणि कोलिन्यों, इटालियन सरदार बोर्गेझेच्या मोठ्या इताला गाडीच्या मागून पण दोन्ही पॅरिसला पोचल्या. १९१० ला त्यांनी व्ही-आठ, म्हणजे व्ही आकारात आठ सिलेंडर असलेल्या इंजिनाची गाडी विक्रीसाठी केली, कॅडिलॅकची व्ही-आठ आली ती १९१४ ला. मग पहिलं महायुद्ध, आणि त्यानंतर घसरण. इंजिन विकत घेणारे सगळे आता स्वतःचं इंजिन करायला लागले होते, स्वस्त गाड्यांत दुसरे पुढे गेले. १९२७ ला कारखाना काही काळ बंद होता. १९३२ ला मोटारी संपल्या, ट्रक-बस अजून थोडी वर्षं. बुतों १९३८ ला गेला, द दियों १९४६ ला.

२७ सप्टेंबर

मॉडेल स्टँडवर बसलं. पॉलिश केलं नाही, लेथची रेघ दिसू दिलीय.

शेजारच्या तीन-चार पोरांना आधी फिरवायला दिलं. त्यांना पिस्टनपेक्षा इनटेक व्हॉल्व्हचं नवल वाटलं, कारण त्याला कॅमच नाही, पिस्टन खाली गेला की ओढीने तो आपोआप उघडतो, स्प्रिंग एवढी नाजूक की करंगळीने दाबला जातो. कापल्यामुळे आमच्या मॉडेलात ओढ नाही, म्हणून तो बोटानेच दाबून दाखवायचा. एका पोरीने दाबला, सोडला, दाबला आणि म्हणाली, "नाकासारखंय." ते बोर्डावर घेतलं.

पितळेची पाटी आज कोरून आली. वर इंजिनाचं नाव आणि साल, खाली बुतोंचं नाव आधी आणि द दियोंचं नंतर, असं मी मुद्दाम सांगितलं होतं. त्रेपार्दूचं या इंजिनात काही नाही, तो आधीच गेला होता, म्हणून त्याच्या ॲक्सलचं चित्र वेगळं काढून दुसऱ्या बोर्डाच्या कोपऱ्यात लावलंय आणि खाली त्याचं पूर्ण नाव.

बाकी राहिलेलं : लिव्हरची मूठ सैल आहे, स्टँडला रबरी पाय, बॅटरी चार्ज करणे, आणि प्लगच्या पुढे ॲक्रिलिकची काच, नाहीतर पोरं ठिणगीत बोट घालणार. टेम्पो सोमवारी सकाळी सातला.